पालकांची हजेरी

आमच्या शाळेत रोज दोनदा हजेरी व्हायची. पहिली मुलांची. दुसरी त्यांच्या आईबापांची, आणि ती फक्त बाईच घ्यायच्या.

मुलांची नावं वाचून झाली की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, एक लांबट निळी वही उघडायच्या आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करायच्या.

"अहो इरण्णा, आई?"

"शेतात. सोयाबीन काढाय."

"वडील?"

"नळदुर्गला गेलेत, बाजाराला."

"अहो मुस्कान, अम्मी?"

"घरीच हाय. ताप आलाय."

"अब्बा?"

"पुण्याला. सेंट्रिंगच्या कामावर."

बाई सगळं लिहून घ्यायच्या. तिसरी-चौथीतल्या मुलांनाही त्या अहो-जाहो करायच्या आणि त्यात थट्टा नसायची. एखाद्यानं "माहीत न्हाय" म्हटलं तर पहिल्या दिवशी चालायचं. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, "आपला बाप कुठं आहे हे ठाऊक नाही, आणि सात नव्वे त्रेसष्ट ठाऊक असून काय करणार? संध्याकाळी विचारून या." मूल खरंच विचारून यायचं. त्यामुळं कुणाच्या घरात आजार आहे, कोण भांडून माहेरी गेलंय, कुणाचा बाप तीन दिवस घरी आलेला नाही, हे गावात कुणाला कळायच्या आधी बाईंच्या वहीत असायचं.

मी मूळचा सोनारीकडचा. ही माझी पहिलीच नोकरी. शाळा नळदुर्गच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात. दोन खोल्या, एक व्हरांडा, पहिली ते चौथी, बाई मुख्याध्यापिका आणि मी सहशिक्षक. रुजू झालो त्या दिवशी वर्गात गेलो तर एक मुलगा शेजाऱ्याशी कानडीत बोलत होता, मागं दोन मुली दखनीत भांडत होत्या, आणि कोपऱ्यात तांड्यावरची सात-आठ मुलं आपसांत गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, कुजबुजत होती. मी "पुस्तकं काढा" म्हटल्यावर निम्मी मुलं उरलेल्या निम्म्यांचे हात बघून पुस्तकं काढत होती. मी बाईंना म्हणालो, "बाई, या वर्गाला शिकवायचं कुठल्या भाषेत?"

"तुम्ही मराठीतच शिकवा, गुरुजी," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्या घरची भाषा कानावर पडू द्या. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात, चार भाषा सहज बसतील डोक्यात."

मला सगळे सर म्हणायचे. बाई एकट्या गुरुजी म्हणायच्या आणि स्वतःला मॅडम म्हणू द्यायच्या नाहीत. वर्गात चपला घालून कुणी आलेलं त्यांना चालत नसे. एकदा तालुक्याहून साहेब आले आणि बूट घालून आत शिरले. बाई बोलणं थांबवून त्यांच्या पायांकडं बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट झालं, दोन झाली. शेवटी साहेबांनी बूट काढले. त्यांच्या एका मोज्याला भोक होतं. बाईंनी लगेच मुलांना फळ्याकडं बघायला सांगितलं.

पालकांचा व्हॉट्सॲप गट मी काढला होता. सूचना टाकली की त्यावर अंगठ्यांची रांग लागायची. बाई माझ्या फोनमध्ये डोकावून म्हणायच्या, "आमच्या वेळी अंगठा लावणाऱ्याला अडाणी म्हणायचे. आता शिकलेलेसुद्धा अंगठाच लावतात. यातले किती जण शाळेची पायरी चढले, ते सांगा." तांड्यावरच्या बहुतेक घरांत तर साधे बटणाचे फोन होते, ते गटात नव्हतेच.

पालकांच्या या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता. यजमान मुलगा लहान असतानाच गेले. "त्याच्या शाळेतली एकही पालकसभा मी बघितली नाही, गुरुजी. दहा वर्षं. मी दुसऱ्यांच्या पोरांच्या पालकसभा घेत होते. तो आता व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा माझ्याकडं बघतच नाही, स्वतःच्याच चेहऱ्याकडं बघतो." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला.

लॉकडाऊननंतरच्या वर्षी गावकऱ्यांच्या मदतीनं शाळेला मोठा टीव्ही मिळाला. भिंतीवर बसवला, नारळ फोडला. पेनड्राइव्हमध्ये धड्यांचे व्हिडिओ होते. त्यातली शिक्षिका गोरी, गोड आवाजाची, अगदी पुण्याची. ती "चला तर मग बालमित्रांनो" म्हणाली की आमची मुलं कुणाला म्हणते म्हणून मागं वळून बघायची. बाईंनी पंधरा दिवस हे बघितलं. मग म्हणाल्या, "हिला काढा. यात आपली माणसं घालू."

तिथून घरचा तास सुरू झाला. दर शुक्रवारी एका मुलाचे आई किंवा वडील वर्गात येऊन, त्यांना जे येतं ते अर्धा तास शिकवायचे. बाई आपल्या फोनवर ते टिपायच्या आणि सोमवारी तेच टीव्हीवर लावायच्या. मुस्कानच्या आईनं पहिल्यांदा हात जोडले होते. "मेरेकु क्या आता बाई, मै क्या पढाऊँ?" बाई दखनीतच म्हणाल्या, "रोज घर में करते सो बताव." तिनं एका वाटीच्या मापानं अकरा माणसांचा भात कसा मोजायचा ते शिकवलं, आमच्या मुलांना गुणाकार तिथं कळला. इरण्णाच्या आजीनं ओंदु, एरडु, मूरु करत शंभरपर्यंत कानडीत मोजून दाखवलं. एका वडार बापानं दगडावर हातोडी टेकवून, कान लावून, तो कुठं फुटेल ते आधी सांगितलं आणि तिथंच फोडून दाखवला. सोमवारी आपला बाप टीव्हीवर एवढा मोठा दिसल्यावर त्याचा मुलगा दिवसभर ताठ बसला होता.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. एक बागायतदार शाळेत येऊन म्हणाले, "बाई, आमचं पोरगं आता हातोडी धरायला आन् भात मोजायला शिकणार का?"

"तुम्ही या की पुढच्या शुक्रवारी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय येतं?"

ते आले नाहीत. पुढच्या जूनला त्यांचा मुलगा पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जायला लागला.

दीपाली तिसरीत होती. तांड्यावरची, बारीक अंगाची मुलगी. वर्गात बोलायची नाही. मी प्रश्न विचारला की उत्तर पाटीवर लिहून पाटी वर धरायची, आणि ते बरोबर असायचं. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि तीही त्यांच्याबरोबर जायची. दिवाळीनंतर गेलेली मुलगी उन्हाळ्यात परत यायची, तोवर आलेलं सगळं विसरलेली असायची. त्या वर्षी बाई तांड्यावर चार खेपा घालून आल्या. दीपालीच्या आजीला तयार केलं, हंगामात मागं राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय शाळेत करून घेतली, आणि मुलीला गावात ठेवायचं आईवडिलांकडून कबूल करून घेतलं. शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो.

दीपालीची आई तिशीच्या आतली असेल. तिला मराठी कळायचं, शेतावर बोलायचीही, पण शिक्षक समोर आले की लेकीच्या तोंडून बोलायची. बाई तिला म्हणाल्या, "जायच्या आधी तुमचा तास झाला पाहिजे."

आई दीपालीकडं बघून काहीतरी म्हणाली. दीपालीनं सांगितलं, "याडी म्हणती, परत आल्यावर घेते."

"परत आल्यावर मला नको," बाई म्हणाल्या. "सहा महिने ही पोरगी तुमच्याशिवाय राहणार आहे. तिला वाटलं तेव्हा तुम्ही दिसायला पाहिजे. त्याच्यासाठीच तो टीव्ही आहे."

आईला हे पटलं. टोळीचा पहिला ट्रॅक्टर गुरुवारी संध्याकाळी निघणार होता. बाईंनी आपला शुक्रवारचा नियम मोडला आणि गुरुवार ठरवला. पण गुरुवारी त्यांना स्वतःला केंद्रावर, हजेरीच्या नव्या ॲपच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. परतताना वाटेत मला म्हणाल्या, "उद्या तुम्ही घ्या त्यांचा तास. फोन आडवा धरा. आणि मधे बोलू नका."

गुरुवारी सकाळपासून मी शाळेची ऑनलाइन माहिती भरत बसलो होतो. दोन दिवस ती साइट उघडत नव्हती, त्या दिवशी उघडली होती, आणि संध्याकाळपर्यंतची मुदत होती. रेंज फक्त व्हरांड्याच्या पूर्वेकडच्या टोकाला यायची. पान मधेच सोडलं की भरलेलं सगळं पुसलं जायचं. त्यात एक रकाना होता: या महिन्यात किती पालकांनी शाळेला भेट दिली. मी तो रकाना भरत असताना दीपाली आईला घेऊन समोर येऊन उभी राहिली.

मी मान वर केली नाही. म्हणालो, "आज नाही जमणार. उद्या या म्हणावं. उद्या बाई पण आहेत."

दीपालीनं आईला ते गोरमाटीत सांगितलं. आई काहीतरी बोलली, दीपाली काहीतरी बोलली. थोड्या वेळानं मी बघितलं तेव्हा आई फाटकाबाहेर गेली होती आणि दीपाली वर्गाच्या दारात उभी होती. मला वाटलं, काम झालं.

शुक्रवारी सकाळी बाईंनी विचारलं, "काल आली होती का दीपालीची आई?"

खरं सांगितलं असतं तर बोलणी खावी लागली असती. मी म्हणालो, "नाही आली."

तेवढ्यात ती आलीच. नवरा आदल्या संध्याकाळी सामान आणि धाकट्या पोराला घेऊन पहिल्या ट्रॅक्टरनं पुढं गेला होता. ती मागं थांबली होती, दुसऱ्या ट्रॅक्टरनं जाणार होती. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं होतं, केसांना तेल, हातात वाढ्याचा भारा. उसाच्या शेंड्याची हिरवी पानं, त्याला वाढं म्हणतात. तिनं वर्गाला मोळी बांधायला शिकवली. पानाला पान कसं जोडायचं, पीळ कुठं द्यायचा, गुडघा कुठं टेकवायचा. ती गोरमाटीत बोलायची आणि दीपाली शेजारी उभी राहून ते मराठीत सांगायची. जी मुलगी पाटी वर धरायची, ती मोठ्यानं बोलत होती. "आता समद्यांनी बघा. हितं सैल सोडलं तर डोक्यावर सुटती. मग मुकादम शिव्या देतो." मुलं हसली. आईही पदर तोंडाला लावून हसली. बाईंचा फोन धरलेला हात जराही हलला नाही. नंतर मला म्हणाल्या, "बघितलंत का, गुरुजी? ही मुलगी बोलते."

दुपारी चारच्या सुमाराला दुसरा ट्रॅक्टर निघाला. अंधार पडायच्या आत सोलापूरच्या अलीकडं एका उतारावर त्याची मागची ट्रॉली उलटली. दोन बायका गेल्या. त्यातली एक दीपालीची आई.

शनिवारी सकाळी शाळा भरत असताना तांड्यावरचा एक माणूस दीपालीला न्यायला आला. तिला काही न सांगता तो तिचं दप्तर उचलून तिला घेऊन गेला. बाई व्हरांड्यात खांबाला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, मी हट्ट केला नसता तर ती परवाच गेली असती."

त्या क्षणी बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही. नंतर बोलायचं ठरवलं, आणि नंतर दर दिवशी ते आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

दोन आठवड्यांनी दीपाली शाळेत आली. मुलांची हजेरी झाली. बाईंनी निळी वही उघडली. नेहमीसारखी नावं घेत घेत त्या दीपालीपर्यंत आल्या.

"अहो दीपाली, वडील?"

"घरी. सोमवारी जाणार टोळीत."

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचं नाव घेतलं. पुढचा मुलगा उभा राहिला. पण दीपाली खाली बसली नाही. ती तशीच उभी राहिली, बाईंकडं बघत. पुढचा मुलगा तिच्याकडं बघून गप्प झाला. बाईंनी वहीवरची बोटं उचलली, परत टेकवली. त्यांचा आवाज मला दुसऱ्या खोलीच्या दारात जेमतेम ऐकू आला.

"आई?"

"न्हाय," दीपाली म्हणाली आणि बसली.

बाईंनी उरलेली नावं घेतली नाहीत. त्या दिवसापासून दुसरी हजेरी बंद झाली.

टोळीत परतण्याआधी दीपालीचे वडील शाळेत आले. मुलं घरी गेली होती. चपला बाहेर काढून ते वर्गात आले आणि म्हणाले, "बाई, तिचा एक फोटू न्हाय घरात. तुमच्याकडं ते टीव्हीतलं हाय म्हणं."

बाईंनी टीव्ही लावला. खाली बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले. पडद्यावर ती बोलायला लागली तसे म्हणाले, "आवाज तेवढा बंद करा." मग आवाजाशिवाय त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं. संपल्यावर खिशातून फोन काढला आणि विचारलं, "यात बसंल का?"

बटणाचा फोन होता. बाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः नळदुर्गला जाऊन त्यात बसेल असं मेमरी कार्ड आणलं, दुकानदाराकडून त्यात तो व्हिडिओ भरून घेतला. ते त्यांच्या हातात दिलं तेव्हा हात जोडून म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं हे." ते म्हणाले, "तुमच्यामुळं कसं? ट्रॅक्टरमुळं झालं." मी शेजारीच उभा होतो.

दीपालीनं तो व्हिडिओ कधी बघितला नाही. टीव्ही कशासाठीही लावला तरी ती पाणी प्यायला म्हणून बाहेर जायची आणि बंद होईपर्यंत आत यायची नाही. हे लक्षात आल्यावर बाईंनी घरून एक चादर आणून टीव्हीवर टाकली. घरचा तास बंद झाला. मी एकदा म्हणालो, "बाई, बाकीच्या मुलांसाठी तरी चालू ठेवू." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला माणसांना बोलवायची भीती वाटते आता."

पुढच्या तपासणीत साहेबांनी चादर उचलून बघितली. डिजिटल साधन वापरात नसल्याबद्दल खुलासा मागवणारं पत्र आलं. बाईंनी त्याच कागदाच्या मागं एक ओळ लिहून पाठवली: वापर झाला आहे. केंद्रप्रमुख मला म्हणाले, तुमच्या बाईंचं डोकं फिरलंय. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती म्हणून प्रकरण वाढलं नाही.

त्या दोन वर्षांत बाई नुसत्या शिकवायच्या. मुलांना अहो म्हणणं सुटलं नाही, पण शाळा सुटल्यावर तांड्यावर, वस्तीवर जाणं सुटलं. कुणी पालक फाटकाशी आला की त्या मला पुढं करायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा गावानं सत्कार ठेवला होता, त्या आल्या नाहीत. चौथीत दीपाली माझ्या वर्गात होती. मी आत गेलो की पहिली उभी राहायची ती. विचारलं तेवढंच "होय सर", "नाही सर" म्हणायची. गरीब स्वभावाची आहे, असं मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं. पाचवीला ती मोठ्या गावच्या शाळेत गेली. सातवीनंतर शाळा सुटली आणि ती वडिलांबरोबर टोळीत जायला लागली, असं तांड्यावरच्या मुलांकडून कळलं.

बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती बालवाडीत जायला लागली. तिच्या शाळेतल्या पालकसभेला मी आणि बायको दोघं गेलो. छोट्या खुर्चीवर गुडघे वर घेऊन बसलो होतो. मुलगी दारातून आम्ही आलोय का ते सारखी बघून जात होती. मला तिथं बसवेना. त्याच रविवारी मी धाराशिवला बाईंच्या घरी गेलो.

बाई थकल्या होत्या. गुडघे धरले होते, चष्म्याचा नंबर वाढला होता. मला ओळखून म्हणाल्या, "गुरुजी, जाड झालात." चहा झाला. मग मी सांगितलं. ती गुरुवारी आली होती. मी मान वर न करता तिला परत पाठवलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

बाई रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे ती आली होती."

"आली होती."

"मी बोलावल्या दिवशी आली होती."

"हो, बाई."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "इतकी वर्षं मी तिला मनातल्या मनात विचारत होते, बाई गं, गुरुवारी का नाही आलीस." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दीपाली होती तिथं?"

"तिनंच आईला सांगितलं. मी मराठीत बोललो, तिनं—"

"मग हे मला कशाला सांगता?" बाई म्हणाल्या. "जा तिच्याकडं. टोळ्या निघायच्या आत जा."

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. दारात भांडी, गोधड्या, पाण्याचा पिंप, सगळं बांधून ठेवलेलं होतं. दीपाली एका पोत्याचं तोंड सुतळीनं शिवत होती. उंच झाली होती, आईसारखी दिसत होती. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. वडील मागं शेळी बांधत होते. मी उभ्या उभ्याच तिला सांगितलं की त्या गुरुवारी चूक माझी होती. तिच्या आईला मी परत पाठवलं होतं. तिनं फक्त माझा निरोप सांगितला होता.

तिनं ऐकून घेतलं. सुई पोत्यात खोवली.

"याडी जात नव्हती, सर," ती म्हणाली. "ती म्हणली, सरांचं काम होईस्तोवर मी पायरीवर बसते. तुमाला न्हाय कळलं ते. म्याच म्हणलं, जा."

"का?"

"कामावरनं तशीच आली होती. झंपर फाटलेला होता. टीव्हीत दिसलं असतं." तिनं सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्या म्हणलं, उद्या हिरवं लुगडं नेसून ये."

तू लहान होतीस, असं काहीतरी मी म्हणालो असेन. वडिलांनी तिला हाक मारली. ती "येते सर" म्हणून गेली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, टोळी कुठं जाणार आहे. कर्नाटकात, विजापूरच्या पुढं, असं मला वडिलांनी सांगितलं होतं.

आठवड्यानं बाई घरातून निघाल्या. मुलाला पुण्याला कळवलं नाही. सोलापूरला एस.टी. बदलली, विजापूरला बदलली, पुढं कानडीत विचारत विचारत, जीपनं आणि काही वाट चालत, उसाच्या फडाशेजारच्या पालांवर पोहोचल्या. तिथं दोन दिवस राहिल्या. पहाटे टोळी फडात गेली की मागं त्यांच्या पालात बसायच्या, आणि दीपाली दमून परतली की तिच्याजवळ बसायच्या. परत आल्या त्या तापानं फणफणून. दवाखान्यात सलाईन लावलं होतं तेव्हा मी भेटायला गेलो. मुलगा पुण्याहून आला होता, माझ्याशी नीट बोलत नव्हता.

बाईंबरोबर दीपाली परत आली नव्हती. ती येणार नाही, हे मला माहीत होतं. तरी बाईंच्या कॉटशेजारी बसून मी विचारलं, "काय बोललात तिच्याशी?"

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडं नीट बघितलं.

"ते तिचं न् माझं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा, गुरुजी."